गुरुजींचे गाऱ्हाणे

धर्मगुरूच्या दारी येणारी निम्मी माणसे तरी काही ना काही गाऱ्हाणे घेऊन येतात. कोणाचे बांधावरून सख्ख्या भावाशी बिनसलेले असते, कोणाच्या मुलाला दारूचा नाद लागलेला असतो, तर कोणाला गायनवृंदात पुढच्या ओळीत उभे राहू दिले जात नाही. पंचवीस वर्षांहून अधिक काळ अशी गाऱ्हाणी ऐकता ऐकता आपल्याला ऐकण्याची कला साधली आहे, असा माझा समज झाला होता. तो समज कार्यालयातील एका जुन्या संगणकाने दूर केला. संगणकाची गोष्ट म्हटली की वाचकांपैकी पुष्कळांना कंटाळा येईल, याची मला जाणीव आहे. परंतु ही गोष्ट जितकी संगणकाची तितकीच एका वृद्ध शिक्षकाची आहे. तेव्हा थोडा धीर धरावा, ही विनंती.

२०१८ साली माझी बदली वसईच्या पट्ट्यातील एका धर्मग्रामात झाली. तेथे ऐंशी वर्षांचे एक निवृत्त गुरुजी राहत. त्यांच्यापाशी लाल पुठ्ठ्याची एक जाड वही होती. आपल्या लहानपणी वाडीत, शेतात, विहिरीवर आणि लग्नघरात जे शब्द कानांवर पडत ते गुरुजी त्या वहीत टिपून ठेवीत. बोलीतला शब्द आणि पुस्तकी शब्द असा भेदभाव त्यांच्यापाशी नव्हता. ज्या वस्तू वापरातून गेल्या त्यांच्यामागोमाग त्यांचे शब्दही जाणार, एवढे त्यांना दिसत होते. मोट गेली, रहाट गेला. आता मोटेच्या दोराला चऱ्हाट म्हणतात हे सांगितले तर पोरे हसतात, असे ते म्हणत. दर गुरुवारी सकाळच्या मिस्साबलिदानानंतर ते कार्यालयात येत, आमच्या लेखनिक ताईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसत आणि एकेक शब्द अर्थासह सांगत. ताई तो संगणकावरील यादीत उतरवीत. एखादा शब्द आधीच दिला आहे की काय, अशी शंका आली की गुरुजी म्हणत, "बघा बरं, आहे का?" ताई शोध घेत, शब्द सापडे, आणि गुरुजी जन्मभराच्या सवयीने म्हणत, "शाबास!" ती शाबासकी ताईंना असे की यंत्राला, हे मला कधी कळले नाही.

आता संगणकाविषयी. तो एका धर्मग्रामस्थाने आपला जुना झाला म्हणून कार्यालयास दिलेला होता. त्यावर विंडोज ७ ही कार्यप्रणाली होती, आणि तिची सुरक्षाविषयक देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. नवा संगणक घेण्याइतकी शिल्लक नव्हती. छताचे काम त्याहून निकडीचे होते. तेव्हा धर्मग्रामातील एक तरुण अभियंता मला म्हणाला, "फादर, यावर लिनक्स टाकू या. पैसे पडणार नाहीत, आणि हा डबा आणखी पाच वर्षे ओढेल." मी होकार दिला. त्याने एका रविवारी दुपारी उबंटू नावाची प्रणाली त्यावर बसवून दिली.

लिनक्सचा इतिहास मला तोपर्यंत ठाऊक नव्हता. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपण एक छोटी प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. त्याआधी, १९८३ साली, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाचा प्रकल्प आरंभला होता. आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि दुसऱ्याला देता आली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. या दोहोंच्या मिलाफातून पुढे अनेक प्रणाली निघाल्या. डेबियन १९९३ मध्ये आली आणि तिच्याच पायावर २००४ मध्ये उबंटू उभी राहिली. 'उबंटू' हा दक्षिण आफ्रिकेतील बांटू भाषांमधला शब्द. माणूस इतर माणसांमुळे माणूस होतो, असा काहीसा त्याचा आशय. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या लेखनातून तो मला पूर्वीच भेटला होता. तो असा पडद्यावर उगवेल, याची मात्र कल्पना नव्हती.

एक छोटा बदल येथेच नोंदवून ठेवतो, कारण पुढे त्याच्याकडे परत यावे लागणार आहे. जुन्या प्रणालीवर ताई रोमन अक्षरांच्या कळा दाबून मराठी उमटवीत. नव्या प्रणालीत तो सोयीचा कार्यक्रम नव्हता. म्हणून त्यांनी इन्स्क्रिप्ट कळफलक शिकून घेतला. दोन महिन्यांत हात बसला, आणि हा बदल आम्ही सगळेच विसरून गेलो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. गुरुजींचे गुरुवार बंद पडले. पुढे तो अभियंताही नोकरीसाठी परदेशी गेला. मागे राहिलो ताई, मी आणि ती प्रणाली. लवकरच छपाईयंत्र रुसले. पडद्यावर ते सज्ज असल्याचे दिसे, कागदही भरलेला असे, पण पान काही बाहेर येईना. अशा वेळी काय करायचे, हे त्या तरुणाने जाताना सांगून ठेवले होते. ही प्रणाली वापरणारे लोक जगभर आहेत, आपली अडचण इंग्रजीत लिहून ठेवावी, ज्याला ठाऊक असेल तो सांगतो. मी लिहिले, "आमचा प्रिंटर चालत नाही. कृपया तातडीने मदत करावी."

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. त्यात मदत नव्हती, प्रश्नच होते. प्रणालीची कोणती आवृत्ती? यंत्र कोणते? शेवटचे केव्हा चालले? मधल्या काळात काय बदलले? तुम्ही काय केले, काय होईल असे वाटले आणि प्रत्यक्षात काय झाले? मला राग आला, हे कबूल करतो. सात-आठ वर्षे सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलेल्या माणसाला 'चालत नाही' म्हणजे काय, असे कोणी विचारावे! पण राग ओसरल्यावर आठवले की संत थॉमस अक्वायनस यांच्या ग्रंथातला प्रत्येक परिच्छेद 'उत्रुम', म्हणजे 'असे आहे की नाही', या नेमक्या प्रश्नाने सुरू होतो आणि उत्तराआधी आक्षेप मांडले जातात. प्रश्न नीट मांडल्याशिवाय थॉमस पुढे जात नाहीत. मी मात्र 'चालत नाही' एवढ्यावर उत्तर मागत होतो.

मग मी शिकत गेलो. एरिक रेमंड या अमेरिकन आज्ञावलीकाराने २००१ साली, प्रश्न कसा विचारावा, या विषयावरच एक दीर्घ निबंध लिहिला आहे. त्यात एक सूचना अशी की लक्षणे सांगा, आपले तर्क सांगू नका. वैद्याला 'मला कावीळ झाली आहे' असे सांगू नये, 'डोळे पिवळे दिसतात' असे सांगावे, तसेच हे. छपाईयंत्राच्या बाबतीत एका अनोळखी माणसाने मला छपाईची नोंदवही उघडायला शिकवले. लिनक्समध्ये प्रत्येक सेवा आपण काय केले आणि कोठे अडलो, हे एका फाइलीत लिहून ठेवते. त्या शेकडो ओळींत एक ओळ होती की अमुक फाइल सापडली नाही. यंत्राची आज्ञावली ३२ बिटांच्या काळात लिहिलेली, आमची प्रणाली ६४ बिटांची. दोहोंमधला एक दुवा बसवायचा राहिला होता. तो बसवताच तीन दिवस अडकलेली सगळी पाने एकामागून एक बाहेर पडली. त्यांत एका विवाहाची चार वेळा छापलेली सूचनाही होती.

सगळेच मदतगार साधू असतात असे नाही. काही जण 'आधी वाचा, मग विचारा' एवढेच खेकसून निघून जातात. एखादा टवाळ नवख्याला सगळा संगणक पुसून टाकणारी आज्ञाही देतो. म्हणून कोणतीही आज्ञा चालवण्यापूर्वी तिचा अर्थ समजून घ्यावा लागतो. तरीही माझा एकंदर अनुभव असा की रात्री दहाला विचारावे आणि पहाटे उठून पाहावे तो कोणीतरी, कोठेतरी, आपल्यासाठी अर्धा तास खर्च केलेला असे. असो.

२०२१ च्या अखेरीस गुरुजी पुन्हा येऊ लागले. मधल्या काळात ते बरेच थकले होते. आजारातून उठले होते, काठी आली होती. वही तीच होती. पण आता एक नवाच प्रकार सुरू झाला. गुरुजी म्हणत, "चऱ्हाट मी दिला आहे, बघा." ताई शोधत. यादीत नसे. गुरुजी चमकत. "दिला होता हो. मोटेचं सगळं मी एकाच दिवशी दिलं होतं." ताई पुन्हा शोधत. नाहीच. मग शब्द नव्याने लिहिला जाई. पुढच्या आठवड्यात कुऱ्हाड. त्याच्या पुढच्या आठवड्यात गुऱ्हाळ. एकदा तर ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "फादर, तुमचं यंत्र माझे शब्द खातं आहे."

मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो आणि अत्यंत मृदू आवाजात त्यांची समजूत घातली. यंत्र काही खात नाही, गुरुजी. आपण मनात पुष्कळ गोष्टी योजतो, मग त्या केल्याच असे वाटू लागते. मलाही होते. ते काही बोलले नाहीत. त्याच सुमारास त्यांचा मुलगा मला भेटला आणि म्हणाला की घरीही बाबा विसरतात, चष्मा शोधत बसतात, जेवलो की नाही हे विचारतात. मला जे वाटत होते त्यास दुजोरा मिळाला. मी त्याला डॉक्टरांचे नाव सुचवले. पुढे एका गुरुवारी गुरुजींनी बिऱ्हाड हा शब्द विचारला, तो सापडला नाही, आणि त्यांनी वही मिटली. "माझंच डोकं गेलं आहे," असे म्हणून ते निघाले. नंतरचे तीन गुरुवार ते आले नाहीत. मला वाईट वाटले, पण आश्चर्य वाटले नाही. वयाचा धर्म म्हणून मी ते मनातल्या मनात निकालात काढले.

वस्तुतः आमच्या ताईंनी मला याआधीच सावध केले होते. त्या एकदा म्हणाल्या होत्या, "फादर, सगळे शब्द हरवत नाहीत. मडकं सापडतं, पाभर सापडते, रहाट सापडतो. ज्यांच्यात तो अर्धा र येतो ना, तेवढेच हरवतात. कुऱ्हाड, चऱ्हाट, गुऱ्हाळ." मी हसलो होतो. "संगणकाचं कुऱ्हाडीशी वैर असणार," असे काहीसे म्हणालोही होतो. ताईंनी तो विषय पुन्हा काढला नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात मी ती यादी छापून गुरुजींच्या हाती द्यावी असे ठरवले. निदान झालेले काम त्यांना पाहता यावे. छापण्यापूर्वी ताईंनी शब्द अकारविल्हे लावले, आणि मला हाक मारली. पडद्यावर चऱ्हाट दोनदा होता, एकाखाली एक. वरच्यासमोर अर्थ होता, 'मोटेचा जाड दोर'. खालच्यासमोर, 'विहिरीवर मोटेस बांधावयाचा दोरखंड'. कुऱ्हाड दोनदा. गुऱ्हाळ दोनदा. बिऱ्हाड दोनदा. गाऱ्हाणे हा शब्दसुद्धा दोनदा होता! प्रत्येक जोडीतला एक टाळेबंदीपूर्वीचा, एक नंतरचा. ताई माझ्याकडे पाहत होत्या. "ते बरोबर होते, फादर," एवढेच त्या म्हणाल्या.

मी दोहोंपैकी एक चऱ्हाट शोधून पाहिला. यंत्राने एकच दाखवला. दुसरा शोधला, तेव्हा दुसराच दाखवला. डोळ्यांना दोन्ही तंतोतंत सारखे, पण यंत्राच्या लेखी त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती.

त्या रात्री मी प्रश्न लिहायला बसलो, पण संकोच वाटू लागला. 'अर्ध्या र चे शब्द हरवतात' हे वाक्य परक्या लोकांपुढे कसे मांडावे? लिहिताना मी म्हटले, "हे हास्यास्पद वाटेल, पण आमच्या एका वृद्ध गृहस्थांचे असे म्हणणे आहे..." पहिलेच उत्तर आले ते या वाक्याविषयी. हास्यास्पद काही नसते, असे सांगून त्या माणसाने मला उबंटूच्या इतिहासातले एक प्रसिद्ध प्रकरण वाचायला सांगितले.

ते प्रकरण २००८-०९ मधले. एका गृहस्थाची पत्नी तक्रार करी की आपल्या संगणकावरून मंगळवारी छपाई होत नाही. नवऱ्याचा अर्थातच विश्वास बसला नाही. यंत्राला वार कसे कळणार? पण त्याने पडताळून पाहिले, तेव्हा खरोखरच मंगळवारी पाने येत नव्हती आणि बुधवारी येत होती. शोध घेता घेता कारण सापडले. छपाईच्या वाटेवर एक छोटी आज्ञावली बसलेली असते. आलेली फाइल कोणत्या जातीची आहे, हे ती फाइलीच्या आरंभीच्या मजकुरावरून ओळखते. त्यासाठी तिच्यापाशी खुणांची एक यादी असते. एर्लांग नावाच्या संगणकभाषेतील एका विशिष्ट फाइलीची खूण म्हणून त्या यादीत २२ जानेवारी १९९१ ही संपूर्ण तारीख, वारासह, नोंदलेली होती. तो दिवस मंगळवार. परंतु नोंदीत शब्दांमधल्या मोकळ्या जागा जशा लिहावयास हव्या होत्या तशा लिहिल्या गेल्या नव्हत्या. त्यामुळे तारखेतला पहिला शब्द, म्हणजे मंगळवारचे इंग्रजी लघुरूप, तेवढाच खूण म्हणून धरला जाई. छापावयाच्या फाइलीवर तिच्या निर्मितीचा दिवस लिहिलेला असे. तो मंगळवार असला की ती फाइल भलत्याच जातीची ठरे, आणि छपाई मुकाट्याने सोडून दिली जाई. एका गाळलेल्या खुणेपायी त्या बाईंचे खरे बोलणे चेष्टेवारी गेले होते.

मी ते वाचले आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. त्या नवऱ्याने निदान पडताळून तरी पाहिले होते.

माझ्या प्रश्नावर पुढचे चार दिवस भलत्याच दिशांनी गेले. कोणी म्हणाले, टंकात दोष असेल, दुसरा टंक लावून पाहा. पाहिला. कोणी म्हणाले, मराठी भाषेचा संच पुन्हा बसवा. बसवला. कोणी म्हणाले, फाइल बिघडली आहे. हा तर्क ऐकून माझ्या छातीत धस्स झाले, कारण त्या यादीची दुसरी प्रत कोठेही नव्हती. त्याच क्षणी मी ती पेनड्राइव्हवर उतरवली. हे काम चार वर्षांपूर्वी करायला हवे होते.

पाचव्या दिवशी एका माणसाने अगदी थोडक्यात लिहिले. दोन्ही शब्द जसेच्या तसे उचलून टर्मिनलमध्ये टाका आणि ही आज्ञा चालवा. अक्षरे पाहू नका, आकडे पाहा. टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी, जिच्यात चित्रे नसतात आणि आज्ञा टंकून द्याव्या लागतात. शब्द निवडला तो गोऱ्हा, आटोपशीर म्हणून. आज्ञा चालवली. एका गोऱ्ह्याचे १८ बाइट निघाले, दुसऱ्याचे २१. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तेथे तीन बाइट लागतात. म्हणजे एका शब्दात सहा चिन्हे होती आणि दुसऱ्यात सात. डोळ्यांना न दिसणारे एक चिन्ह त्यात दडून बसले होते.

ते आकडे मी पाठवले. त्या माणसाने तासाभरात सारा उलगडा करून दिला. तो नेपाळी भाषक होता. नेपाळीत 'केले' या अर्थी 'गर्‍यो' हे क्रियापद पावलोपावली येते, आणि त्यातही आपल्यासारखाच पापणीच्या आकाराचा अर्धा र असतो. हे दुखणे त्याच्या चांगल्या परिचयाचे होते.

उलगडा असा. जगातील सर्व लिप्यांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची व्यवस्था आहे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून तीत देवनागरी आहे. साध्या र चा तिच्यातला क्रमांक ०९३०. त्याला हलन्त जोडून पुढे य लिहिला तर र चा रफार होतो आणि 'दर्या' उमटतो, म्हणजे समुद्र. आपल्याला 'दऱ्या' हवा असेल, डोंगरातल्या, तर र ने रफार होऊ नये असे यंत्राला सांगावे लागते. ते सांगण्याच्या रीती दोन. एका रीतीत हलन्तानंतर एक शून्य रुंदीचे जोडचिन्ह टाकतात. ते कागदावर काहीच जागा घेत नाही, केवळ शेजारच्या अक्षराचे रूप बदलते. दुसऱ्या रीतीत साध्या र ऐवजी ऱ वापरतात, क्रमांक ०९३१. हे अक्षर मुळात द्राविडी भाषांतला एक वेगळा र लिहिण्यासाठी घेतलेले. त्याचे अर्धे रूप म्हणजे आपली पापणी. पहिली रीत जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवली गेली आणि दोन्ही मान्य आहेत. छापल्यावर दोहोंत तिळमात्र फरक नाही. पण शोधणारे यंत्र रूप पाहत नाही, क्रमांक पाहते.

टाळेबंदीपूर्वी ताई ज्या कार्यक्रमाने लिहीत तो पहिल्या रीतीने लिही. इन्स्क्रिप्टवर त्या ऱ ची कळ दाबू लागल्या, ती दुसरी रीत. गुरुजींनी आधी दिलेला प्रत्येक चऱ्हाट, कुऱ्हाड, गोऱ्हा यादीत सुखरूप होता. नव्या कळांनी मारलेली हाक त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हती एवढेच. मराठीतले इतर शब्द दोन्ही कळफलकांवर एकाच रीतीने लिहिले जातात, म्हणून मडके आणि रहाट सापडत. ताईंनी नेमके हेच सांगितले होते. फक्त युनिकोडचे नाव घेतले नव्हते.

दुरुस्ती पाच मिनिटांची निघाली. त्या नेपाळी मित्राने दिलेल्या एका ओळीच्या आज्ञेने यादीतला प्रत्येक जुना अर्धा र नव्या रीतीचा झाला. आधी प्रतीवर चालवून पाहा, असे त्याने दोनदा बजावले होते, आणि मी आज्ञाधारकपणे तसे केले. १४६ ठिकाणी बदल झाला. नंतर जोड्या तपासल्या. गुरुजींनी 'दिला आहे' म्हटलेले आणि आम्ही 'नाही' म्हणून पुन्हा लिहिलेले शब्द २६ होते. ताईंनी गुरुवारांची टिपणे ठेवली होती, त्यांवरून आणखी एक गोष्ट कळली. तीन शब्द मात्र गुरुजींनी दिल्याचे सांगितले होते आणि ते जुन्या यादीत खरोखरच नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई आणि मी गुरुजींकडे गेलो. ते ओटीवर बसले होते. मी दोन्ही गोऱ्हे मोठ्या अक्षरांत छापून नेले होते. गुरुजींनी भिंग लावून पुष्कळ वेळ पाहिले.

"सारखेच तर आहेत."

"दिसतात सारखे, गुरुजी. आत वेगळे आहेत." मी त्यांना सारे सांगितले. सहा चिन्हे आणि सात चिन्हे, दर्या आणि दऱ्या. शिक्षकाला व्याकरण लवकर कळते. मध्येच थांबवून ते म्हणाले, "म्हणजे आचार्यास आणि आचाऱ्यास, तोच घोळ. चौथीला मी हा धडा किती वर्षे शिकवला!"

"सव्वीस वेळा तुम्ही बरोबर होता आणि आम्ही चूक," मी म्हणालो. "तीन शब्द मात्र खरंच नव्हते." ते तीन मला लपवता आले असते. ताईंनी वाटेत तसे सुचवलेही होते.

"तीन विसरलो असेन," गुरुजी म्हणाले. "वय झालं." मग बराच वेळ ते पारावरच्या कोंबड्यांकडे पाहत राहिले. "तुम्ही त्या दिवशी फार गोड बोललात, फादर," ते म्हणाले. "रागावला असता तर मी भांडलो असतो."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी क्षमा मागितली. त्यांनी हात हलवून ती स्वीकारली की उडवून लावली, हे सांगता येत नाही. त्यांच्या सुनेने चहा आणला. मुलगाही बाहेर येऊन उभा राहिला आणि तो कागद उलटसुलट करून पाहू लागला.

आम्ही निघालो तेव्हा गुरुजींनी विचारले, "त्या नेपाळी माणसाला गोऱ्हा म्हणजे काय ते सांगितलंत का?"

नव्हते सांगितले. इतके दिवस आम्ही दोघे त्या शब्दाचे तुकडे मोजत होतो, पण अर्थ ना त्याने विचारला होता ना मी सांगितला होता. त्या रात्री मी लिहिले की गोऱ्हा म्हणजे गाईचा नर बछडा, अजून मानेवर जू न पडलेला. सकाळी उत्तर आले. आभार मानून त्याने त्यांच्याकडे वासराला काय म्हणतात ते कळवले होते: बाच्छो.

गुरुवारी गुरुजी काठी टेकत कार्यालयात आले. लाल वहीत गोऱ्ह्याच्या पानावर समासात जागा होती. तेथे त्यांनी तो शब्द लिहिला, पुढे कंसात 'नेपाळी' असे लिहिले आणि वही ताईंकडे सरकवली.